झाऱ्याच्या दांड्यापायी

दिवाळीच्या चार दिवस आधी, चकल्यांचा दुसरा घाणा कढईत असताना, आईच्या स्टीलच्या झाऱ्याचा दांडा तिच्या हातात राहिला आणि खालची चकती चकल्यांसह तेलाच्या तळाशी जाऊन बसली. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला असल्या दुखण्यावर वैद्य शोधत हिंडावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात तो झारा पुढे केला असता, तर कारागिराने ‘आर्गन मारून देतो, थांबा दोन मिनिटं’ असे म्हटले असते आणि दोन-चार चहांच्या पैशांत झारा त्याच संध्याकाळी पुन्हा तेलात उतरला असता. परंतु मी त्याच वर्षी बँकेतून निवृत्त झालो होतो, परसातली पत्र्याची शेड रिकामी पडली होती, आणि तीस वर्षे इतरांच्या यंत्रसामग्रीसाठी कर्जे मंजूर केल्यामुळे यंत्रांतले आपल्याला कळते असा माझा एक समज होता. “राहू दे, मीच जोडून देतो,” असे मी आईला म्हणालो. हे वाक्य मी आश्विनात उच्चारले आणि यंत्र घरात आले ते चैत्रात.

उद्यमनगर ज्याला सरसकट ‘आर्गन’ म्हणते त्याचे कागदोपत्री नाव टिग, म्हणजे टंगस्टन इनर्ट गॅस वेल्डिंग. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच वितळून सांध्यात भरला जातो, आणि नवशिक्याने तो दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर टेकवला की सांधा बाजूला राहून भोक पडते. झाऱ्याला भोके आधीच पुष्कळ असल्यामुळे त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नव्हती. टिगमध्ये टंगस्टनची टोकदार कांडी नुसती ज्योत धरते. तिचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस असल्यामुळे ती स्वतः वितळत नाही. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून भोवताली आर्गन सोडतात आणि भरणीची तार दुसऱ्या हाताने, बाळाला पळीने दूध पाजावे तशी, थेंबाथेंबाने पाजतात. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमचे विमान जोडता यावे म्हणून हेलियम वायू वापरून ही पद्धत सिद्ध केली आणि १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. विमानाला जे चालले ते झाऱ्याला चालेल, एवढा युक्तिवाद मला पुरेसा वाटला.

पहिल्याच दुकानदाराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारले, “साहेब, जोडायचं काय हाय?”

“सगळंच,” मी म्हणालो.

“सगळं म्हंजे?”

या प्रश्नाने मी गप्प झालो, कारण तो मूळचा माझाच होता. कर्ज मागायला आलेल्या प्रत्येक माणसाला मी हेच विचारत आलो होतो की यंत्र कशासाठी हवे, रोजचे काम किती आणि ते नसेल तर तुमचे अडते काय. माझ्या स्वतःच्या प्रकल्प अहवालात त्या दिवशी एकच ऑर्डर होती, एक झारा, आणि त्याचे पैसे ग्राहकाकडून कधीही वसूल होण्यासारखे नव्हते. असा अर्ज मी वाचून न संपवताच परत केला असता. म्हणून मी दुकानदाराला फाटक, जिन्याचे कठडे, बागेतली बाके आणि बोलण्याच्या भरात उसाचा रस काढण्याचा चरकसुद्धा सांगून टाकला, आणि माझ्या प्रत्येक शब्दागणिक त्याच्या समोरच्या कागदावरचा आकडा वाढत गेला.

खरी मेख विजेच्या एसी आणि डीसी या दोन प्रकारांत होती. लोखंड आणि स्टेनलेस स्टील डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर, उत्तम जोडले जाते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा सदैव असतो. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, तर हा पापुद्रा दोन हजार अंश ओलांडल्याशिवाय हलत नाही, म्हणजे खालचे दूध उतू जाण्याच्या बेतात आले तरी वरची साय दगडासारखी घट्टच. एसीमध्ये करंट सतत दिशा बदलतो, एका दिशेने जाताना पापुद्रा उडवतो आणि दुसरीने जाताना धातू तापवतो, म्हणून ॲल्युमिनियमला एसी लागते. आणि एसी-डीसी दोन्ही देणारे यंत्र निव्वळ डीसी यंत्राच्या दुपटीलाही आटोपत नाही. “आज लागत न्हाई, पर उद्या लागंल,” असे दुकानदाराचे म्हणणे पडले. विमा विकणारेही नेमके असेच बोलतात, म्हणून मी बँकेच्या शिस्तीला अनुसरून आधी प्रत्यक्ष पाहणी करण्याचे ठरवले आणि घरी येताच आईला विचारले, “आपल्याकडे ॲल्युमिनियमचं काही आहे का गं?”

आईने डोळे मिटून स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांवरून मनातल्या मनात हात फिरवला. “ॲल्युमिनियम? नाही रे बाबा. स्टील आहे, पितळ आहे, तांब्याचे दोन हंडे आहेत आणि माळ्यावर ती लग्नकार्याची मोठी भांडी. ॲल्युमिनियम आपण कधी वापरलंच नाही.”

ही जबानी मी वहीत तारखेसह नोंदवली आणि डीसी यंत्र नक्की केले.

नंतर अँपियरचा विषय निघाला. दोनशेच्या खालचे यंत्र घेणे म्हणजे वरातीत सायकलवरून जाण्यासारखे आहे, असा बाजाराचा एकंदर सूर होता. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपियर हा कारागिरांचा आडाखा धरला, तर झाऱ्याच्या दीड मिलिमीटरला ६० पुरतात. तरीही वायरमनला मी २०० हाच आकडा सांगितला. त्याने एकदा मीटरकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. २०० अँपियरवर ज्योतीला सुमारे १८ व्होल्ट लागतात, म्हणजे ३६०० वॉट झाले, आणि त्यावर यंत्र स्वतः खाते ते निराळेच. भिंतीतल्या साध्या सॉकेटवर हे ओझे टाकता येत नाही. त्याने शेडपर्यंत स्वतंत्र जाड वायर, ओझे वाढले की आपोआप पडणारा ३२ अँपियरचा स्विच, म्हणजे एमसीबी, आणि वेगळे अर्थिंग असा बेत सांगितला आणि तो तडीसही नेला. त्याचे पैसे चुकते केल्यावर मी निवांतपणे झाऱ्यापुरत्या ६० अँपियरचा हिशेब मांडला. ज्योतीची गरज ७५० वॉटांच्या आत निघाली. आमचा गिझर दोन हजारांचा आहे आणि तो कित्येक वर्षे जुन्याच वायरीवर मुकाट्याने पाणी तापवतो आहे.

ड्यूटी सायकल या सदरावर मी एक पूर्ण आठवडा खर्च केला, तो वायाच गेला असे म्हणावे लागेल. ६० टक्के याचा अर्थ दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. ३५ टक्क्यांचे यंत्र घेतले तर ऐन कामात थांबावे लागेल या काळजीने मी ६० टक्क्यांचे घेतले, आणि पुढे असे आढळून आले की सलग सहा मिनिटे ओणवे राहण्याची माझ्या कमरेचीच क्षमता नाही. ज्योत पेटवण्याची तऱ्हा मात्र मी विचारपूर्वक निवडली. स्वस्त यंत्रांत टंगस्टन धातूला टेकवून उचलावे लागते. हाय फ्रिक्वेन्सीच्या यंत्रात टोक न टेकवता, शेगडीच्या लायटरसारखी, ठिणगी मधली फट ओलांडून उडी मारते. टेकवलेच नाही तर टोक खराब होण्याचा प्रश्नच येणार नाही, असा माझा भाबडा विचार होता. त्याच यंत्राला करंट कमीजास्त करण्यासाठी पायाने दाबायचे पेडल जोडता येत होते. उजव्या हातात टॉर्च, म्हणजे टंगस्टनची कांडी धरणारी मूठ, डाव्या हातात तार, पायाखाली पेडल आणि तोंडावर मुखवटा, अशा थाटात मी आरशासमोर बसून पाहिले, तेव्हा संगीत नाटकातला पायपेटीवाला आणि दशावतारातला संकासुर यांचा संकर झाल्यासारखे दिसले.

टंगस्टनच्या कांड्यांना टोकाशी रंग दिलेला असतो आणि तो शोभेचा नसतो. लाल टोकाच्या कांडीत थोरियम असते. ते किंचित किरणोत्सारी असल्यामुळे कांडी तासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये. मी सोनेरी टोकाची, लँथॅनमची, १.६ मिलिमीटरची कांडी मागितली, तेव्हा दुकानदाराने ‘वाचून आलाय वाटतं’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिले.

वायूचा विचार मी सगळ्यांत शेवटी केला आणि या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक तीच ठरली, कारण यंत्राचे पैसे एकदा देऊन संपतात, आर्गनचे संपत नाहीत. हा वायू आपल्या भोवतालच्या हवेत ०.९३ टक्के फुकट पसरलेला आहे. रॅले आणि रॅमझे या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तो १८९४ मध्ये ओळखला, आणि तो कोणाशीच संयोग पावत नाही हे पाहून ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. काहीही न करण्याचे पैसे मिळू शकतात हे मला नोकरीच्या अनुभवावरून ठाऊक होते. त्यासाठी डिपॉझिट भरावे लागते हे नवे होते. छोट्या सिलिंडरमध्ये दीड घनमीटर वायू मावतो, मोठ्यात ७ घनमीटर. मिनिटाला ८ लिटर सोडला तर छोटा तीन तासांत रिता होतो आणि मोठा साडेचौदा तास पुरतो. दर घनमीटरला मोठा स्वस्त पडतो हे दिसताच माझ्यातला बँकवाला जागा झाला, आणि पुरुषभर उंचीचा तो लोखंडी सिलिंडर दोन हमालांनी तिरका करून, बुडावर फिरवत फिरवत, सबंध गल्लीच्या देखत आमच्या दारात आणून उभा केला.

तासाभरात शेजारच्या वहिनी मोसंबी घेऊन आल्या. “काकूंना कधीपासून लावलाय?” त्यांनी दबक्या आवाजात विचारले. करोनानंतर दारातला सिलिंडर पाहून माणसांना दुसरे काही सुचत नाही. मी आर्गन, टंगस्टन आणि झारा या क्रमाने खुलासा करू लागलो, एवढ्यात आई स्वतःच बाहेर आली, तिने मोसंबी घेतली आणि “आता बरं आहे हो,” असे सांगून वहिनींची बोळवण केली, कारण दारात आलेले फळ परत पाठवणे तिला प्रशस्त वाटले नाही.

सराव सुरू झाला तो वैशाखात. नोझलमधून निघणारा आर्गनचा झोत इतका हळवा असतो की पंख्याच्या वाऱ्यानेही तो विस्कटतो, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि मुखवटा अशा पोशाखात, पंखा बंद करून बसणे भाग होते. पहिल्या संध्याकाळी कांडीचे टोक वितळलेल्या धातूत तेरा वेळा बुडाले आणि तेरा वेळा मी ते ग्राइंडरवर तासून आणले. त्या दिवसात मी वेल्डिंग शिकलो असे म्हणता येणार नाही, पण पेन्सिलला टोक करणाऱ्या यंत्राचे आयुष्य कसे असते ते मला कळले. दुसऱ्या आठवड्यात सांधा वरून बरा दिसू लागला, तर उलट बाजूने तो गुऱ्हाळात करपलेल्या काकवीसारखा काळा आणि रवाळ निघाला, कारण स्टेनलेस स्टीलला मागूनही आर्गन लागतो. मग मागूनही आर्गन सोडला आणि सिलिंडरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत उतरू लागला. अखेर एका दुपारी वेणीच्या पेडासारखा सलग, रुपेरी, किंचित सोनेरी झाक असलेला सांधा माझ्या हातून उतरला, आणि मी घामाने निथळत स्वयंपाकघरात जाऊन झारा मागितला.

“झारा?” आई म्हणाली. “तो मी संक्रांतीलाच मोडीत घातला. वर थोडे पैसे टाकून नवा घेतला. तेव्हापासून तू त्याच्यातलीच भजी खातोयस की.”

“मग सांगायचं नाहीस मला?”

“तू वहीत इतकं काय काय लिहीत होतास, मला वाटलं दुसरंच काहीतरी असेल.”

माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. तिने माळ्यावरून एक मोठी कढई काढवून घेतली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली. “ही घे. तुझ्या मुंजीत हिच्यातच जिलब्या तळल्या होत्या. हिचा एक कान तुटलाय, तेवढा लावून दे.”

एवढी मोठी कढई इतकी हलकी असावी याचे मला आश्चर्य वाटले. मी ती उजेडात नेऊन उलटी केली आणि चावीने बूड खरवडले.

“आई, ही कशाची आहे?”

“कशाची म्हणजे? जर्मनची.”

“आणि जर्मन म्हणजे काय?”

“जर्मन म्हणजे जर्मन. अजून चार पातेली आहेत वर, त्यांचेही काठ चिरलेत. सवडीनं कर.”

मी वहीतले ते तारीखवार पान काढून एकदा वाचले आणि दुकानदाराला फोन लावला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

“बोला साहेब,” तो म्हणाला, “एसीवालं काढून ठेवू का?”