अळ्यांचा बाप

आमच्या गावात अळी हा शब्द शिवीच्या जवळपास जातो. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, तेव्हापासून तर जास्तच. अशा गावात मी पैसे मोजून अळ्या आणल्या. थोड्याथोडक्या नाही, 50 हजार.

त्याआधी 17 वर्षं मी तालुक्याला कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचो. घडी अशी फेकायचो की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर उघडायचा. मग लोक मोबाइलवर साड्या मागवू लागले, शेठजींनी चार माणसांची दोन केली आणि त्या दोनात मी नव्हतो. घरी अडीच एकर होतं, विहिरीला पाणी होतं. कोणीतरी रेशीमशेती सुचवली. म्हटलं, रेशीम तर आपण जन्मभर विकलं! (त्यातलं खरं किती होतं, हे शेठजी जाणोत आणि सुरतवाले.)

प्रशिक्षणाला गेलो. साहेबांनी विचारलं, "काही अनुभव?"

"17 वर्षं. रेशीमच."

सगळा वर्ग माझ्याकडे आदरानं पाहू लागला.

"वा! जात कोणती होती?"

"बनारसी," मी म्हणालो. "लग्नसराईत पैठणी."

आदर तिथंच संपला. साहेब अळीची जात विचारत होते.

मग एकेक कळत गेलं. एका अंडीपुंजात चारशे-पाचशे अंडी, असे 100 अंडीपुंज. अळ्या पहिले दहाएक दिवस चॉकी सेंटरवाले सांभाळतात आणि दोनदा कात टाकून झाली की आपल्या हवाली करतात. म्हणजे बाळंतपण त्यांच्याकडं, कार्टी आपल्याकडं. इथवर ठीक होतं. पण शेवटच्या दिवशी साहेबांनी फळ्यावर लिहिलं : तंबाखू बंद. पानाला नुसता तंबाखूचा हात लागला तरी अळी दगावते म्हणे.

मी दिवसाला तंबाखू-सुपारी-चुन्याचे पाच खर्रे खाणारा माणूस. बायकोनं लग्नापासून समजावलं, डॉक्टरनं घाबरवलं, ढिम्म हललो नव्हतो. आता ती शेडच्या दारात उभी राहून माझे हात हुंगायची आणि मगच आत सोडायची. पोराचं सेंट बंद. मच्छर अगरबत्तीही बंद, कारण तिनं मच्छर मरो न मरो, अळी मरते. रात्रभर आम्हाला मच्छर फोडायचे आणि आमची 50 हजार लेकरं जाळीच्या आत सुखानं जेवायची.

शेजारच्या काकांच्या कपाशीवर फवारणी चालू होती. वारं आमच्या तुतीकडं, म्हणजे अळ्यांच्या जेवणाकडं. हात जोडून गेलो.

"काका, दोन दिवस थांबा ना. औषध पाल्यावर आलं तर माह्या अळ्या मरतीन."

काका पंप खाली ठेवून माझ्याकडं पाहतच राहिले. "म्हंजे तुह्या अळ्या जगल्या पाह्यजे म्हनून म्या माह्या अळ्या जगवू?"

याला उत्तर नव्हतं. शेवटी वारं फिरल्यावर त्यांनी फवारलं, पण चावडीवर माझं नाव 'अळ्यांचा बाप' पडलं ते पडलंच.

एका रात्री बॅटरी मारून पाहतो तर रॅकवर सगळं सामसूम. कोणी खात नाही, हलत नाही. साडेअकराला साहेबांना फोन लावला. "साहेब, सगळ्या गेल्या!"

"डोकं वर करून पडल्यात का?"

"हो."

"कात टाकताहेत. झोपू द्या त्यांना. मलाही. सकाळी चुना भुरका."

तंबाखू बंद, सुपारी बंद, चुना मात्र पोत्यानं. अर्धा खर्रा तर शेडातच होता.

चौथी कात टाकली आणि त्या जे खायला लागल्या! जन्मभरातला बहुतेक पाला अळी या शेवटच्या आठवड्यातच खाते. पहाटे, दुपारी, रात्री फांद्या कापून आणायच्या; टाकून वळेपर्यंत काड्या उरायच्या. खाण्याचा आवाज हुबेहूब पावसासारखा. पहिल्या रात्री बाबा शेडबाहेर खाटेवर झोपले होते. दचकून उठले आणि "पानी आलं बे, पानी!" करत खळ्यातल्या सोयाबीनवर ताडपत्री टाकायला धावले. वर टिपूर चांदणं. ताडपत्री टाकून झाल्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

मग अळ्या पिवळसर, काचेसारख्या आरपार दिसू लागल्या. त्यांच्यावर चंद्रिका, म्हणजे कोष विणायच्या जाळ्या टाकल्या, आणि तीन दिवसांत सगळीकडं पांढरे कोष. एका कोषात हजारेक मीटर लांब एकच अखंड धागा असतो. मीटरचा हिशेब कळणारा माणूस मी, कोष तळहातावर घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

माल जालन्याच्या कोष बाजारात नेला. लिलावात एका व्यापाऱ्यानं मूठभर कोष उचलले, एक कानाशी नेऊन खुळखुळवला, तोंड वाकडं केलं. हे तोंड माझ्या ओळखीचं होतं. 17 वर्षं रोज ते गादीच्या पलीकडं बसलेलं असायचं आणि "याच्यात दुसरं दाखवा" म्हणायचं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "पोत तर पाहा साहेब! रंग गेला तर माल परत."

व्यापाऱ्यानं एकदा पांढऱ्याशुभ्र कोषाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"नवीन दिसता," तो म्हणाला.