‘सरळ खाली उतरा’ हा सल्ला जीव घेईल

बडोद्याच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘उपग्रहाने हिमालय इंच न् इंच मोजलाय, कागदी नकाशे रद्दीत घाला. ते इंग्रजांनी अंदाजाने काढलेले. टोपोशीट (सरकारी सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा) सामान्य माणसाला मिळतही नाही. फोनवरची उंची अचूक असते. वाट चुकलात तर स्क्रीनवर दिसेल त्या गावाकडे सरळ खाली उतरा.’ उत्तराखंडातल्या मिलम हिमनदीला निघालेल्या माझ्या भाचीने तो मलाच पाठवला, वर ‘मामा, तेवढंच ओझं कमी!’

‘सरळ उतरा’ लिहिणाऱ्याने डोंगर पाहिलाय का? कित्येक अ‍ॅपमधला चढउतार एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या उंचीमोजणीच्या आकड्यांवर बेतलेला असतो. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातल्या रडारने 11 दिवसांत ही मोजणी केली. त्यात साधारण 30 मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याला उंचीचा एकच आकडा. पंधरा मीटरचा कातळकडा त्यात सहज विरून जातो आणि स्क्रीनवर नुसता उतार दिसतो. शिवाय रडार तिरकं बघतं, त्यामुळे खोल दऱ्यांत जागोजागी आकडे मिळालेच नाहीत. ती भोकं मागाहून बुजवली. कसलं इंच न् इंच! टोपोशीटवरही दोन कंटूरमधलं (समान उंचीच्या रेषांमधलं) बारीकसारीक सुटतं, मान्य. पण तिथे कड्याला वेगळी खूण असते, आणि रेषा एकमेकींना चिकटल्या की तिकडे पाऊल टाकायचं नाही, हे कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतं.

उंचीचं म्हणाल तर बरीच अ‍ॅप ती समुद्रसपाटीपासून धरतच नाहीत, पृथ्वीच्या गणिती आकारापासून धरतात. आपल्याकडे त्याने पन्नासेक मीटरचा फरक पडतो. असं अ‍ॅप बडोद्यात दांडिया बाजारात उघडा, शहराची उंची त्याहून कमी असल्याने ती उणे दिसेल.

आणि ‘इंग्रजांचा अंदाज’? मिलम गावच्याच नैनसिंग रावतांनी इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी शंभर मण्यांच्या माळेवर पावलं मोजत 1866 मध्ये ल्हासा गाठलं, पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून तिथली उंची काढली. अंदाज म्हणे!

सीमाभागाचे नकाशे पूर्वी कडीकुलपात असत, एवढं खरं. पण केंद्र सरकारच्या 2005 च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी नकाशामालिका आणली. शीट जुनी असतात, हेही खरं. मिलम हिमनदी मागे हटलीय, पूल वाहून जातात. म्हणून फोनही न्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा घरूनच फोनवर उतरवून घ्यावा लागतो. मेसेजात हे कुठेच नाही.

ग्रुपच्या अ‍ॅडमिननो, बाकीचं राहू द्या, ते शेवटचं वाक्य तरी आजच्या आज काढा.