गिब्स घेतला, मग माँटगोमरीपण घ्यायचा का?

ऑगस्ट संपत आला की आमच्या फँटसी लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येतोच, एकाच टीमचे दोन रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे), जसे डेट्रॉइट लायन्सचे गिब्स आणि माँटगोमरी, दोघंही घ्यायचे का? यावर्षी, म्हणजे २०२५ ला, तर तीन जणांनी मला वेगवेगळं मेसेज करून विचारलं, कारण २०२४ मध्ये हा उद्योग मी केला होता हे सगळ्यांना माहितीये. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ज्यांना एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग), फँटसी यातलं काही कळत नाही त्यांनी खुशाल स्क्रोल करा, पुढची पोस्ट गणपतीच्या मखराची आहे.

तरी थोडक्यात सांगतो. फँटसीत खऱ्या प्लेयर्सची आपली टीम करायची, त्यांनी खऱ्या मॅचमध्ये यार्ड काढले किंवा टचडाउन केला (बॉल गोललाइनपार नेला) की आपल्याला पॉइंट. नाशिकचा आतेभाऊ परवा फोनवर म्हणाला, त्यात काय, आम्ही ड्रीम ११ वर एकाच टीमचे दोन्ही ओपनर घ्यायचोच की. अरे बाबा, ओपनर दोघं एकाच वेळी पिचवर असतात, एकाने सेंच्युरी मारली म्हणून दुसऱ्याची बॅट कोणी काढून घेत नाही. इथे रनिंग बॅक बहुतेक वेळा एकच आत असतो आणि बॉल तर एकच! एक पळाला की दुसरा साइडलाइनला पाणी पितो. शिवाय आमच्याकडे ड्राफ्ट असतो, आळीपाळीने एकेक प्लेयर निवडायचा, एक प्लेयर एकाकडेच, मी घेतला की बाकी अकरा जणांना तो मिळत नाही. त्यामुळे एक पिक वाया गेला तर तो सोळा-सतरा आठवडे बोचत राहतो.

तर २०२४. मी डेट्रॉइटच्या जवळ राहतो, इथे लायन्सचं वेड गेल्या दोन-तीन वर्षांत किती वाढलंय ते इथल्या लोकांनाच विचारा, दुकानातला माणूस बिल करताना पण लायन्सचा कोच डॅन कॅम्पबेलवर बोलतो. आमची बारा टीमची लीग, हाफ पीपीआर (प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट), माझा नंबर अकरावा. दुसऱ्या राउंडमध्ये जमीर गिब्स मिळाला. मग पाचव्या राउंडला डेव्हिड माँटगोमरी तसाच पडलेला दिसला आणि माझा हात गेला. डोक्यात २०२३ चे आकडे होते ना, माँटगोमरीचे १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन, गिब्सचे ९४५ यार्ड आणि रनिंगवर १० टचडाउन. दोघंही स्वतःच्या जिवावर खेळवण्यासारखे. आणि खरं कारण वेगळंच होतं, ते पण कबूल करतो. आदल्या वर्षी माझ्याकडे एकटा गिब्स होता, तो मस्त पळत पळत बॉल गोललाइनपर्यंत न्यायचा आणि मग माँटगोमरी आत येऊन दोन यार्ड ढकलून सहा पॉइंट घेऊन जायचा. स्वयंपाक एकाने करायचा आणि ताटावर दुसऱ्याने बसायचं. मी सोफ्यावर उशी आपटायचो. म्हटलं यावर्षी दोघंही माझेच, कोणीही ढकला!

रविवार मजेत जायचे हे खरंय. लायन्सनी त्या सीझनला ५६४ पॉइंट काढले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, १५ मॅच जिंकल्या, आणि लायन्स रेड झोनमध्ये (गोललाइनच्या आधीच्या वीस यार्डांत) गेले की मी निवांत चहा प्यायचो. पण पाचव्या आठवड्यात लायन्सची बाय होती. दोन्ही रनिंग बॅक सुट्टीवर, बेंचवर शोधाशोध करून जे लावले त्यांनी मिळून माझी लाज काढली. एका आठवड्याचं तेवढं काही नाही म्हणा, हे ड्राफ्टच्या दिवशी कॅलेंडर बघूनच कळतं.

खरा धडा डिसेंबरमध्ये मिळाला. १५ डिसेंबर, बफेलोविरुद्धची मॅच, लायन्स ४८-४२ हरले आणि माँटगोमरीचा गुडघा गेला. आता सगळे म्हणायला लागले, तुझं काय रे, तुझ्याकडे गिब्स आहे, सगळा बॉल त्यालाच मिळणार. मिळाला पण. पुढच्या दोन्ही आठवड्यांत गिब्सने शंभरच्या वर यार्ड काढले. पण माझ्या टीमचं काय झालं बघा. गिब्सचे पॉइंट थोडे वाढले आणि माँटगोमरीचे सगळे गेले. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवले, आणि मधल्यामध्ये काही खाली पडले ते वेगळंच. माझ्याकडे एकटा गिब्स असता आणि पाचव्या राउंडला मी एखादा चांगला रिसीव्हर (पास कॅच करणारा) घेतला असता तर गिब्सची वाढ निव्वळ नफा झाली असती. सेमीफायनल मी चार पॉइंटनी हरलो, माँटगोमरीच्या जागी वेव्हरवरून (कोणीच न घेतलेल्या प्लेयर्समधून) उचललेला एक जण लावला होता, त्याचं नाव पण आता आठवत नाही. आणि गिब्सने चार टचडाउन कधी मारले? अठराव्या आठवड्यात, व्हायकिंग्जविरुद्ध, जेव्हा आमची फँटसी संपून ट्रॉफी दुसऱ्याच्या घरी पोचली होती. अख्खं मिशिगन नाचत होतं आणि मी टाळ्या वाजवत होतो पण जरा हळूच.

आता लोक म्हणतात, अरे पण हा विमा आहे. मेन माणूस पडला तर त्याचा बदली आपल्याकडे हवा, हँडकफ म्हणतात त्याला. यावर मी बराच विचार केलाय आणि माझं मत असं की बहुतेक वेळा आपण हा विमा भीतीपोटी घेतो आणि तो पण चुकीच्या माणसाचा. २०२४ चंच बघा, सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक क्रिश्चन मकॅफ्री जवळजवळ सगळीकडे पहिल्या नंबरला गेला. ज्या शहाण्यांनी लवकर ड्राफ्ट करून बदली म्हणून इलायजा मिचेल घेतला, त्यांचा मिचेल सीझन सुरू व्हायच्या आधीच जायबंदी यादीत. मग जेट्सविरुद्ध पहिल्याच मॅचला मकॅफ्री बसला आणि जॉर्डन मेसनने १४७ यार्ड काढले, त्याला कितीतरी लीगमध्ये कोणी घेतलाही नव्हता. नंतर एकाच मॅचमध्ये मकॅफ्री आणि मेसन दोघंही गेले आणि आयझॅक गेरेंडो नावाचा तिसराच आला. म्हणजे विमा काढायचा तर किती जणांचा काढायचा, अख्ख्या सॅन फ्रान्सिस्कोचा?

आणि दोघंही आपल्याकडे असून आपण लावू शकू असं थोडंच आहे! २०२३ ला ऑफिसमधल्या एकाकडे मायामीचे मोस्टर्ट आणि एचन दोघंही होते. तिसरा आठवडा, मायामीने डेन्व्हरला ७०-२० धुतलं. मोस्टर्टचे चार टचडाउन, एचनचेही चार. आणि आमच्या साहेबांचा एचन बेंचवर, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याला बॉलच फारसा मिळाला नव्हता. हाफ पीपीआरमध्ये जवळजवळ ४९ पॉइंट बेंचवर सडले. तो त्या मॅचबद्दल अजून बोलत नाही.

मग कधीच घ्यायचे नाहीत का, तर तसंही नाही. २०१८ ला स्टीलर्सचा लेव्हियन बेल कॉन्ट्रॅक्टवरून रुसून बसला आणि अख्खा सीझन आलाच नाही, तेव्हा ज्यांनी शेवटी शेवटी त्याचा बदली जेम्स कॉनर उचलून ठेवला होता ते तरले, कॉनरने १३ मॅचमध्ये रनिंगवर १२ टचडाउन केले. पण तिथे ड्राफ्टच्या आधीच दिसत होतं ना की बेल कॅम्पला आलेला नाही, धूर दिसत होता म्हणून बादली भरून ठेवली. ते वेगळं. २०१७ चे सेंट्सचे इंग्रम आणि कमारा लोक नेहमी उदाहरण म्हणून देतात, दोघांनीही पळून आणि कॅच घेऊन १,५०० च्या वर यार्ड केले. पण कमारा तेव्हा एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडला घेतलेला रुकी (पहिल्याच वर्षाचा प्लेयर), शिवाय टीममध्ये एड्रियन पीटरसनसारखा मोठा माणूस तिसरा भागीदार, ज्याला ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनाला पाठवलं. हे असं जुळेल हे ऑगस्टमध्ये ठरवून कोणी ड्राफ्ट केलं असेल असं मला वाटत नाही, नशीबच म्हणायचं.

२०२५ ला लायन्सच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे, त्यांच्या ऑफेन्सचा कोच बेन जॉन्सन शिकागोला हेड कोच म्हणून गेलाय. दोघांनाही पोटभर खायला घालणारा आचारी तोच होता. नवीन माणूस तेवढंच शिजवेल की नाही ते आत्ता कोण सांगणार, आणि कमी शिजलं तर माझ्या घरात दोन उपाशी बसतील. त्यामुळे गिब्स मिळाला तर घेईन, माँटगोमरी दुसऱ्या कोणाला तरी घेऊ दे, गोललाइनला उशी आपटायची तयारी आहे.

माझा २०२५ चा शेवटचा पिक मात्र आत्ताच ठरलाय, टायलर ॲलजियर, म्हणजे २०२५ ला ॲटलांटात बिजन रॉबिन्सनचा बदली. बिजन रॉबिन्सन माझ्याकडे येणार नाही हे नक्की, माझा नंबर दहावा आहे. म्हणूनच घेतोय. बिजनला काही होऊ नये, चांगला पोरगा आहे, पण झालंच तर माझं काहीच जाणार नाही आणि एक रनिंग बॅक फुकटात येईल. बिजन घेणाऱ्याने नंतर ट्रेडसाठी माझ्या दारात आलात तर चहा मिळेल, ॲलजियर मिळणार नाही.