भाजीत कूट टाकला का, एवढंच खरं सांगा

सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलवर रोज दोन-चार आईबाप पोरीची गादी, बादली, ट्रंक घेऊन एसटीतून उतरतात. खोली कोणती, पाणी किती वाजता येतं, रात्री गेट कधी बंद होतं, सगळं विचारतात. जेवणाबद्दल मात्र एकच प्रश्न, "मेस चांगली आहे ना?" पोरीला काय चालत नाही हे कोणी आपणहून सांगत नाही. मी मेस कमिटीवर आहे, म्हणून मीच विचारते. मग आई इकडेतिकडे बघते आणि आवाज खाली करून म्हणते, "अंडं खाल्लं का तिच्या अंगावर उठते मॅडम, पण लिहू नका कुठं." का, तर उद्या सोयरीक जमवताना अडचण नको. या महिन्यात हे दोनदा ऐकलं. म्हणून आज लिहायला बसले.

मला स्वतःला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आमच्याकडे फल्लीदाणे म्हणतात. विदर्भात राहून फल्लीदाणे टाळायचे म्हणजे काय, ते इथल्याच माणसाला कळेल. पोह्यात दाणे, चिवड्यात दाणे, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या भाजीत कूट, आणि उपासाची उसळ तर दाण्यांशिवाय होतच नाही. माझ्या आईने घरातून दाणेच हद्दपार केले होते. रस्सा दाट करायला जवस आणि खोबरं. त्यामुळे होस्टेलला जाईपर्यंत मला भीती अशी माहीतच नव्हती.

2009 ची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी शिकायला होते. मेसमध्ये पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या काकू चांगल्या होत्या. त्या दिवशी दुपारी मी विचारलं, वांग्यात कूट आहे का? त्या म्हणाल्या, "नाई वं पोरी, आज नाई टाकला." त्या खरंच बोलल्या होत्या. मी दुपारी खाल्लं, काही झालं नाही. रात्री तीच भाजी होती, म्हणून विचारलं नाही. मधल्या वेळात झालं असं, की कॅम्पवरून परतलेल्या वीसेक मुली जेवायला वाढल्या, भाजीत पाणी घातलं, रस्सा पातळ झाला आणि तो दाट व्हावा म्हणून वरून दोन मुठी कूट पडला. मेस चालवणाऱ्या कोणालाही विचारा, रस्सा वाढवायची हीच रीत आहे. त्यात कुणाचं वाईट मनात नसतं.

तिसऱ्या घासाला टाळूला खाज सुटली. मग ओठ, मग कान आतून. दहा मिनिटांत हातापोटावर गांधी उठल्या. मुली म्हणाल्या, पित्त उठलं. एकीने घोंगडी आणून अंगाला घासली, दुसरीने गुळाचं पाणी दिलं. रेक्टर मॅडमनी ॲलर्जीची गोळी दिली आणि झोप म्हणाल्या. मी झोपलेही असते. पण माझा आवाज बसायला लागला, आणि माझ्या रूममेटला ते बरोबर वाटलं नाही. तिने कोणालाही न विचारता ऑटो बोलावला. ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवरच्या सिस्टरनी एक नजर टाकली, डॉक्टरांना हाक मारली आणि मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत छातीवरचा दगड उचलल्यासारखं झालं. त्या इंजेक्शनचं नाव ॲड्रेनालिन, हे मला तेव्हा कळलं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे सगळं "पित्त" या एका शब्दात जातं. गोळीने गांधी बसतात, खाज कमी होते. घसा सुजून श्वास अडकायला लागला, चक्कर आली, तर गोळीच्या भरवशावर बसायचं नाही. तेव्हा ॲड्रेनालिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि तेही लवकर. महागडं औषध नाही ते. लसीकरणाच्या वेळी कोणाला रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवतात. पोरीला चालवत नेऊ नका. आडवं झोपवा, पाय उंच करा. श्वास लागत असेल तर बसू द्या. 108 ला फोन करा. आणि बरं वाटलं म्हणून लगेच परत आणू नका, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं.

दुसऱ्या दिवशी वडील कॉलेजच्या ऑफिसात गेले. उत्तर मिळालं, "इतकं नाजूक असेल तर घरून डबा आणा." गाव साठ किलोमीटर. मेसची फी सक्तीची, ती भरलेली. त्या वाक्याचा राग मला आजही आहे. मी वेगळं ताट मागितलं नव्हतं. माझ्यासाठी साजूक तुपातलं काही करा, असं म्हटलं नव्हतं. भाजीत काय पडलं हे वाढताना सांगा, एवढंच होतं. वरण-भात खाऊन मी चार वर्षं आनंदाने काढली असती.

बिस्किटाच्या पुड्याला हा नियम आहे. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लुटेनचं (म्हणजे गव्हा-जवातल्या प्रथिनाचं) धान्य असेल तर तसं लिहावं लागतं. पाच रुपयांचा पुडा जे सांगतो, ते दोन वेळचं जेवण देणारी मेस सांगत नाही.

आता आमच्याच होस्टेलमधल्या एका मुलीचं सांगते. शाळेपासून तिचं रक्त कमी. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, हिमोग्लोबिन काही वर येईना. पोट फुगायचं, वजन वाढायचं नाही. सगळे म्हणायचे, पोरगी जेवत नाही. शेवटी नागपूरला रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सिलिॲक निघाला. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिचं स्वतःचं शरीरच आतड्याला इजा करतं. औषध नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा नाही. ही माझ्यासारखी ॲलर्जी नाही, तिला ऑटो बोलवावा लागत नाही. पण म्हणूनच लोक जास्त हलक्यात घेतात. "एका पोळीनं काय होते?" हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल!

तिच्यासाठी भाकर करायची ठरली. ज्वारी तर आपलीच. आजीच्या काळात घरात रोज भाकरच असायची, पोळी सणाला. मेसच्या काकू भाकर अशी थापतात की बघत राहावं. पण तिचं पोट थांबेना. मग आम्ही दोघी गावातल्या चक्कीवर गेलो तेव्हा कळलं. आमच्या पुढे एक पायली गहू दळून झाला होता, आणि पांढरं पीठ अजून तोंडाशी, कापडी नळीत, पेटीच्या कोपऱ्यात चिकटलेलं होतं. त्यातूनच आमची ज्वारी खाली येत होती. आता तिची ज्वारी तिच्या गावी जात्यावर दळून येते, आणि परातही वेगळी. त्यानंतर हिंग सापडला. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. फोडणी रोजची, म्हणजे मैदा रोजचा. तिच्या वरणाला आता लसूण-जिऱ्याची फोडणी.

दूध न पचणाऱ्या मुलीही दरवर्षी असतात. त्यांना दुधाने गॅस, जुलाब होतात, पण दही-मठ्ठा बहुतेकींना चालतो. तो त्रास आहे, जिवावरचं नाही. दुधाची खरी ॲलर्जी असेल तर मात्र मठ्ठाही नाही. हा फरक आईबापांनी डॉक्टरकडून नीट समजून घेऊन आम्हाला सांगावा.

आणि मेसवाल्यांनो, तुम्हालाही एक विनंती. कूट ज्या मिक्सरच्या भांड्यात काढता, त्यातच आलं-लसूण वाटू नका. कुटाच्या भाजीची पळी वरणात घालू नका. तेल कोणतं ते सांगा. रिफाइंड तेलात दाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, घाणीच्या फल्ली तेलात उरतं.

लग्नाचं म्हणाल, तर मी बघायला आलेल्या पाहुण्यांना पोह्यांची बशी हातात असतानाच सांगितलं होतं की यातले दाणे मला चालत नाहीत. आज सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मिक्सरची दोन भांडी आहेत. माझ्या भांड्याला त्यांनी स्वतः लाल दोरा बांधलाय. लिहू नका म्हणणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते.

मागच्या वर्षी आम्ही मेसच्या दाराशी एक फळा लावला. नियम एकच: सकाळी नाही लिहायचं, वाढायला घेताना लिहायचं, आणि मध्ये काही टाकलं तर पुसून परत लिहायचं. काकू चौथी शिकलेल्या. आधी लाजत होत्या, आता खडू कमरेलाच खोचलेला असतो. काल संध्याकाळी फळ्यावर होतं: "वांगे – कूट हाये. वरण – काई नाई. सात वाजता रस्सा वाढवला, कूट अजून टाकला."

मी वरण-भात घेतला.