वर गुलमर्ग, खाली चंद्रपूर

सलग तिसऱ्या दिवशी दूध नासलं तेव्हा घरातली संशयाची सुई आधी दूधवाल्यावर, मग पातेल्यावर आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबली. माझ्यावर का, हे विचारायचं नसतं. आमच्याकडे काहीही बिघडलं की तपास माझ्यापाशीच येऊन संपतो.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. पुण्याचा पारा चाळिशीच्या घरात. फ्रीजचा खालचा कप्पा उघडला तर लोणी डब्यात हेलकावे खात होतं आणि कोथिंबिरीने मान टाकली होती. वरच्या फ्रीझरमध्ये मात्र आमरसाचे सहा डबे दगड होऊन बसलेले, मागच्या भिंतीवर बर्फाचा गिलावा. एकाच कपाटात वर गुलमर्ग, खाली चंद्रपूर. शिवाय आतून मधूनच ‘खर्रर्र’ असा आवाज यायचा. लहानपणी सायकलच्या तारांत पत्त्यातलं पान अडकवून आम्ही जी मोटरसायकल करायचो, तिचा.

मेकॅनिकला फोन लावला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तो म्हणाला, “गॅस गेलाय.”

“अहो, बघितल्याशिवाय कसं सांगता?”

“चौदा वर्षांचा फ्रीज ना? गॅसच. साडेतीन हजार. परवा येतो.”

‘परवा’ ही काही तारीख नव्हे, तो एक दिलासा असतो, हे मला ठाऊक होतं. पण मला खटकलं ते दुसरंच. गॅस गेला असेल तर वर हा एवढा बर्फ कुणी केला? हा प्रश्न मी मनातच ठेवला असता तर पुढचे चार दिवस सुखात गेले असते. मी तो बायकोसमोर मोठ्याने विचारला, आणि वर म्हणालो, “बघतोच मी.”

“अहो, नको,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आतल्या खोलीतून आई म्हणाली, “अरे, स्क्रू ड्रायव्हर तेवढा लावू नकोस हं बर्फाला.”

याला इतिहास आहे. आमचा पहिला फ्रीज एका दाराचा. त्यातला बर्फ वितळवायला नॉबच्या मध्यभागी एक बटण असायचं. आई ते शनिवारी रात्री दाबायची आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आमची होडीची शर्यत असायची. १९८८ च्या उन्हाळ्यात बाबांना हा सगळा वेळकाढूपणा वाटला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, बर्फात खुपसला, आणि ‘फुस्स’ असा एक दीर्घ, समाधानी सुस्कारा ऐकू आला. फ्रीझरच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्या काळी फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा वायू असे, आणि तो ओझोनचा थर खातो म्हणून आदल्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये जगभरच्या देशांनी त्याला आवर घालायचा करार केला होता. बाबांनी एका फटक्यात फ्रीझरला आणि आकाशाला अशी दोन्हीकडे भोकं पाडली. पुढे मरेपर्यंत ते “मी नुसता टेकवला होता” असंच म्हणत राहिले.

हल्लीच्या फ्रीजला ते बटण नसतं. घेताना दुकानदार म्हणाला होता, “हा फ्रॉस्ट फ्री आहे, आजी.” त्यावर आईने विचारलं होतं, “आणखी काय फ्री आहे?”

तर या फ्रॉस्ट फ्रीची गंमत अशी की बर्फ यातही होतोच, फक्त लपवतात. फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या भिंतीआड गार कॉइल असते. एक पंखा तिच्यावरची थंड हवा वर-खाली ढकलतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं बाष्प कॉइलवर जाऊन गोठतं. ते साचत राहिलं तर हवेची वाट बंद होते, मग वर गुलमर्ग आणि खाली चंद्रपूर, आणि पंख्याची पाती बर्फाला घासली की ‘खर्रर्र’. म्हणून दर काही तासांनी एक टायमर कॉम्प्रेसर बंद करतो आणि कॉइलखालचा हीटर लावतो. बर्फ वितळतो, पाणी नळीवाटे मागे कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच्या ट्रेमध्ये पडतं आणि त्याच्याच उष्णतेने उडून जातं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ सुन्न होतो. फ्रीजच्या पोटात शेगडी आहे! चौदा वर्षं मी गार करायचं आणि गरम करायचं, दोन्हीचं वीजबिल एकाच यंत्रापायी भरत होतो.

प्लग काढला आणि फ्रीज रिकामा करायला घेतला. हे काम खरं तर पुरातत्त्व खात्याला द्यायला हवं. आइस्क्रीमच्या डब्यात मटार निघाले, मटारच्या पिशवीत नारळाचा चव, आणि चवाच्या डब्यात कुणालाच ओळखता येईना असं काहीतरी करडं. दिवाळीतलं अनारशाचं पीठ. अर्धी लिंबं सात, म्हणजे एकूण साडेतीन लिंबांवर आमचा प्रत्येक वेळी नव्याने विश्वास बसला होता. सॉसच्या पुड्यांवरून मुलीच्या पिझ्झ्याचा सनवार इतिहास लावता आला असता. आमरसाचे सहा डबे मजल्यावरच्या तीन घरांत, त्यांच्या फ्रीझरमध्ये आसऱ्याला गेले. शेजारचे काका डबा घेताना म्हणाले, “काळजी करू नका, आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे.” त्यांच्या घरी त्या संध्याकाळी पुऱ्या तळल्याचा वास आला, पण मी मन मोठं ठेवलं.

मागच्या भिंतीचे चार स्क्रू सुटले, पण भिंत सुटेना. बर्फाने आतून घट्ट धरून ठेवलेली. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, समोर बर्फ होता, आणि खुर्चीत आई बसली होती. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मुलीचा हेअर ड्रायर मागितला.

“बाबा, तो केसांसाठी आहे.”

“माझ्या डोक्यावरही एके काळी होते,” मी म्हणालो.

पुढचे तीन तास मी फ्रीझरमध्ये डोकं घालून बर्फाचे केस वाळवत होतो. एक पाय स्टुलावर, एक ओट्यावर. बायको ड्रायरच्या स्विचवर बोट ठेवून उभी, म्हणजे नवऱ्याला शॉक बसलाच तर निदान विजेचा तरी अपव्यय नको. घरातल्या सगळ्या जुन्या चादरी आणि पायपुसणी जमिनीवर कामी आली. बर्फ हट्टी होता. मी ड्रायर आणखी जवळ नेला, आणखी जवळ, पार टेकवला म्हणा ना. (नुसता टेकवला होता. बाबा, मला आता कळतंय.) शेवटी ‘कट्’ असा आवाज होऊन भिंत सुटली. मागे अख्खी कॉइल पांढऱ्याशुभ्र बर्फात गाडलेली. बायकोने नकळत हात जोडले. अमरनाथला जायचं तिच्या मनात बरीच वर्षं आहे.

बर्फ गेल्यावर खाली पाण्याचं भोक दिसलं, तेही गोठून बुजलेलं. बाळाला औषध पाजायच्या पिचकारीने त्यात कोमट पाणी सोडलं. थोड्या वेळाने मागून ट्रेमध्ये ‘गुळूगुळू’ झालं. आई म्हणाली, “झाला अभिषेक.”

आता आरोपी पकडायचा. दिवाळीच्या माळांसाठी घेतलेला मल्टिमीटर काढला. हीटरला टोकं लावली. तीनशेच्या आसपास ओहम, म्हणजे हीटर जिवंत. पुढे कॉइलला चिमट्याने अडकवलेली एक गोल टिकली असते, तिला बाजारात ‘बायमेटल’ म्हणतात. बर्फ वितळून कॉइल पुरेशी तापली की हीटरची वीज तोडणं हे तिचं काम. तिला टोकं लावली. वाट सलग असली की मल्टिमीटर बीप करतो. बीप नाही. पुन्हा लावली. नाही. “सापडला!” मी ओरडलो. शेजारचे काकाही आले. त्यांच्या मिशीला केशरी काहीतरी लागलेलं होतं.

भर दुपारी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने नवा बायमेटल पुढ्यात टाकला. मी कच्च्या गुरूचा चेला नव्हे. खिशातून मल्टिमीटर काढला आणि लावला. बीप नाही.

“हा खराब आहे.”

त्याने दुसरा दिला. तोही गप्प. तिसरा. चौथा. मी आवाज चढवून म्हणालो, “तुमच्याकडचा सगळाच माल खराब दिसतोय!” गल्लीतल्या दोन-तीन जणांनी मान वळवली. दुकानदार अजिबात चिडला नाही. त्याने शेजारच्या सरबतवाल्याकडून ग्लासभर बर्फ आणला आणि मूठभर मीठ मागून घेतलं.

“नुसत्या बर्फाने नाही होत. पॉट आइस्क्रीम कधी फिरवलंत का? मीठ घातलं की शून्याच्या बरंच खाली जातं.”

पिशवीत गुंडाळून बायमेटल त्यात बुडवला. आम्ही दोघं ग्लासाकडे बघत उभे. दोन-तीन मिनिटांनी अगदी बारीक ‘टक्’ झालं आणि माझा मल्टिमीटर, माझाच, बीप करून त्याच्या बाजूने बोलला.

“गरम असला की हा तुटलेलाच असतो, साहेब. गार पडला की जोडला जातो.”

आमच्या घराण्यात याला मोठे काका म्हणतात. तापले की सगळ्यांशी संबंध तोडायचे आणि थंडी पडली की डिंकाच्या लाडवांसाठी आपणहून फोन करायचे. मी इतकी वर्षं त्यांना नादुरुस्त समजत होतो.

लाजेखातर एक बायमेटल विकत घेतला. घरी येऊन जुना मिठाच्या बर्फात बुडवला (बर्फ शेजारच्यांचा, त्यांनी सोबत आमरसाचा रिकामा डबाही आठवणीने परत केला). टक्, बीप. जुना ठणठणीत. मग त्याच्याच वायरवर पांढऱ्या नळीत बसलेला छोटा फ्यूज तपासला. त्यावर ७२ अंश लिहिलं होतं. या फ्यूजला ऋतुमान नसतं, त्याने कायम बीप करायला हवं. तो गप्प होता, गार करूनही आणि विनवूनही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने फ्यूज उलटसुलट पाहिला.

“हीटर नको इतका तापला तर आग लागू नये म्हणून हा जळतो. एकदाच. बर्फ कशाने काढलात?”

“हेअर ड्रायरने.”

“लांबून?”

मी सरबतवाल्याकडे पाहिलं. दुकानदारानेही पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, “म्हणजे हा बहुतेक काल गेलाय, साहेब. फ्रीज तर त्याच्या आधीपासून बिघडलाय ना?”

मी नव्या फ्यूजचे पैसे निमूट दिले. ज्याला आरोपी म्हणून पकडला होता तो निर्दोष निघाला, नंतर पकडला त्याचा खून मीच केला होता, आणि मूळचा गुन्हेगार अजून माझ्याच घरात, बहुधा हसत, बसला होता.

राहता राहिला टायमर. आमच्या फ्रीजमध्ये तो मागे खाली, कॉम्प्रेसरच्या शेजारी. त्याच्या पोटात चिमुकली मोटर आणि दातेरी चाकं, बाहेर एक खाच. त्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून सावकाश फिरवलं की पाळी बदलते, असं दुकानदाराने सांगितलं होतं. फ्यूज जोडला, भिंत बसवली, प्लग लावला आणि कॉइल चांगली गार होईपर्यंत थांबलो, नाहीतर बायमेटल जोडलाच गेला नसता. आईची परवानगी घेऊन स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि फिरवला. ‘टक्’. कॉम्प्रेसर थांबला आणि वरून कॉइलकडून बारीक ‘चुर्र’ आवाज आला. राहिलेलं पाणी गोठलं होतं, ते वितळून तापल्या हीटरवर पडत होतं. म्हणजे हाताने फिरवला की फिरतो, आपणहून हलत नाही. तरी खात्री म्हणून खाचेवर पेन्सिलने खूण केली आणि चार तासांनी बघितली. खूण जिथल्या तिथे. कितीतरी दिवस तो ‘गार करा, गार करा’ एवढं एकच सांगत बसला होता, आणि बाकीचे बिचारे इमानाने ऐकत होते. सरकारी खात्यात ही गोष्ट नवी नाही, पण स्वयंपाकघरात अपेक्षित नव्हती.

तिसऱ्या फेरीत दुकानदाराने मला पाहताच टायमर काउंटरवर काढून ठेवला आणि सरबतही मागवलं. जुन्यावरचा नंबर नव्याशी जुळवून घेतला, कारण त्यातल्या वायरींची मांडणी सगळ्यांची सारखी नसते.

घरी हिशेब बायकोने मांडला. टायमर, फ्यूज, नको असलेला बायमेटल, तीन वेळची रिक्षा, मुलीला नवा ड्रायर (जुन्याला आता जळका वास येतो) आणि आमरसाचे चार डबे, जे शेजाऱ्यांच्या पोटी सुरक्षित आहेत. बेरीज ती मोठ्याने वाचणार होती, पण माझं तोंड बघून तिने कागद घडी करून डाळीच्या डब्याखाली सरकवला. मेकॅनिक परवा आला नाहीच. आठव्या दिवशी फोन आला, “गॅस भरायचा होता ना?”

त्याआधीची, टायमर बसवल्याची रात्र सांगायची राहिली. हाताने फिरवून ‘चुर्र’ करणं वेगळं, त्याने आपणहून करणं वेगळं. कॉम्प्रेसर संध्याकाळपासून चालत होता. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिलो. बारा वाजले, एक वाजला. दोनच्या सुमाराला घरघर अचानक थांबली. शांतता. मग वरून, आतून, अगदी हलकंसं ‘चुर्र’. आणि थोड्या वेळाने मागच्या ट्रेमध्ये टप्. टप्.

राहवेना म्हणून मी फ्रीझर उघडला आणि भिंतीला कान लावला. अंधारात आई दारात येऊन उभी राहिली.

“कसली फोडणी टाकतोयस रे या वेळी?”

“आई, ऐक ना. हीटर लागला. आपणहून.”

ती जवळ आली, माझ्याशेजारी तिनेही क्षणभर कान दिला.

“बरं,” ती म्हणाली. “आता दार लाव. गार हवा जातेय.”