गोळा उचलणार कोण?

आज घरच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "देवळालीला आता मुलीही तोफखाना शिकतायत म्हणे. ४३ किलोचा गोळा उचलणार कोण?" खाली हसण्याच्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

काका, १५५ मिलिमीटरचा गोळा उचलणं हे अधिकाऱ्याचं काम नाहीच. पुरुष अधिकाऱ्याचंही नाही. ते तोफेवरच्या डिटॅचमेंटचं, म्हणजे तोफ चालवणाऱ्या जवानांच्या तुकडीचं, आणि बोफोर्स तोफेला त्यासाठी क्रेन आहे. तरुण अधिकारी ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर असतो, शत्रू दिसेल अशा टेकाडावर. लक्ष्याचं ग्रिड (नकाशावरच्या जागेचे आकडे), उंची आणि आपल्यापासूनची दिशा रेडिओवरून द्यायची. आधी एकच तोफ गोळा टाकते. अलीकडे पडला तर 'ॲड ४००', पलीकडे गेला तर 'ड्रॉप २००', मग १००, मग ५०. अंतर असं निम्मं निम्मं करत लक्ष्यावर आलं की बॅटरीच्या, म्हणजे त्या तोफांच्या तुकडीच्या, सहाच्या सहा तोफा.

घोळ होतो तो कशाने? ग्रिडचा एक आकडा चुकला, लक्ष्याची उंची चुकीची धरली, वारा-तापमानाचा संदेश जुना निघाला, डोंगरात गोळा मधल्याच धारेवर फुटला. नाहीतर पडला आपल्याच पायदळावर. यात दंडाचा घेर कुठे आला?

२९ एप्रिल २०२३ला चेन्नईच्या लष्करी अकादमीतून पाच मुली तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाल्या. आता गंमत बघा. ओपी अधिकारी जातो कुणाबरोबर? पायदळाच्या कंपनीबरोबर. तीच चढण, समोरून येणारी तीच गोळी. आणि पायदळ, रणगाडे मात्र बायकांना अजून बंद! कुणीतरी समजावून सांगा मला.

बरं, ओपीवर रेडिओ, त्याचे सेल, दुर्बीण पाठीवर घेऊन चढावं लागतं. तिथे ओझ्याचं आणि वेळेचं माप सगळ्यांना एकच हवं. मान्य. पुढे.

गोळा उचलण्याची चिंता करणाऱ्यांनी लष्करात बायकांना कमांड, म्हणजे तुकडीचं नेतृत्व, देण्याच्या खटल्यात सरकारने सुप्रीम कोर्टात काय सांगितलं होतं तेही वाचावं. जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही! स्वतःची तयारी नाही म्हणून बिल खेड्यातल्या पोरांच्या नावावर फाडलं. १७ फेब्रुवारी २०२०च्या निकालात कोर्टाने हे झिडकारलं, ते बरं झालं.

कर्नल गीता राणांनी पूर्व लडाखमध्ये ईएमईची, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाची, फील्ड वर्कशॉप सांभाळली. शालिजा धामींकडे हवाई दलाची पश्चिम सीमेवरची क्षेपणास्त्र स्क्वाड्रन आली. नौदलाच्या आयएनएस त्रिंकट या नौकेची सूत्रं प्रेरणा देवस्थळींकडे. ही सगळी २०२३ची गोष्ट. हे लिहिताना जरा बरं वाटतंय.

पण कमांड एका दिवसात हाती येत नाही. मेजर असताना बॅटरी किंवा कंपनी सांभाळायची, त्यावर सीआर, म्हणजे वरिष्ठांचा गोपनीय अहवाल, मग बढतीचं निवड मंडळ. जुन्या अधिकारी बायकांचे सीआर 'हिला कुठे पुढे जायचंय' म्हणत उरकले गेले, आणि नंतर त्याच कागदांवर त्यांना तोललं. मार्च २०२१मध्ये कोर्टाने लष्कराला हेच सुनावलं.

२०२३च्या या मुली नियमाप्रमाणे २०२९ला मेजर होतील, २०३६ला लेफ्टनंट कर्नल. १८ तोफांची रेजिमेंट हाती यायची ती २०४०च्या आसपास. बॅटरी त्यांना सीमेवरच्या रेजिमेंटमध्येच द्या, शांत छावणीत नको. नाहीतर मंडळासमोर 'अनुभव कमी' हाच शेरा पुन्हा येणार, आणि तो खराही असेल.