अणू तिप्पट जड, पण बॅटरी नव्हे

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या बॅकअपसाठी लिथियम की सोडियम बॅटरी निवडायची याची चर्चा सुरू झाली आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश तिथेही येऊन पोहोचला. त्याचे म्हणणे असे : सोडियमचा अणू लिथियमच्या तिप्पट जड, म्हणून सोडियमची बॅटरीही तिप्पट जड, पावसाचे पाणी लागताच ती पेटते, आणि आपल्याकडे तिच्यावर कोणी काम करत नाही.

सोडियमचा अणुभार २३ आणि लिथियमचा ७ हे खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एक युनिट वीज साठवताना सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मूळ घटकात, प्रत्यक्ष ये-जा करणारे लिथियम हिशेबाने ८० ग्रॅमच्या आसपास भरते आणि सोडियम २७५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम २०० ग्रॅमचा. परंतु तेवढी वीज साठवणारा लिथियम-आयर्न-फॉस्फेट या प्रकारचा लिथियम सेल सुमारे सहा किलोचा असतो, कारण उरलेले वजन इलेक्ट्रोड, त्यांच्यामधला द्रव म्हणजे इलेक्ट्रोलाइट, धातूची पातळ पाने आणि कवच यांचे असते. सोडियमचा सेल साधारण सव्वासहा ते आठ किलोचा होतो. सीएटीएल या चिनी कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेला सोडियम सेल किलोमागे १६० वॉट-तासांचा, म्हणजे युनिटमागे सुमारे सव्वासहा किलोचा होता. शिवाय सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नसल्याने ऋण बाजूच्या पानांसाठी जड तांब्याऐवजी हलके आणि स्वस्त ॲल्युमिनियम चालते.

तरीही वजनाचा मुद्दा सर्वत्र गौण आहे, असे मी म्हणणार नाही. निकेलयुक्त लिथियम सेल युनिटमागे चार किलोंपर्यंत खाली येतो, त्यामुळे स्कूटरची बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर चार्जिंगला नेणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल. पार्किंगच्या कोपऱ्यात जमिनीवर कायम उभ्या राहणाऱ्या बॅटरीला मात्र त्याने काहीही बिघडत नाही.

पाण्यात पेटतो तो सोडियम धातू. सेलमध्ये सोडियम आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, रूपात असतो. इलेक्ट्रोलाइट मात्र दोन्ही प्रकारांत बहुधा ज्वलनशील असतो, तेव्हा सोडियम बॅटरी जळूच शकत नाही हा उलटा दावाही मान्य करता येणार नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. पुण्यातीलच केपीआयटी कंपनीने पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसोबत विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

सोसायटीने खरोखर विचारायला हवा तो प्रश्न त्या संदेशात नाहीच. बॅटरी रिकामी होत जाते तसा सोडियम सेलचा व्होल्टेज लिथियम-आयर्न-फॉस्फेटपेक्षा बराच जास्त खाली उतरतो, म्हणून आपला इन्व्हर्टर तेवढा चढउतार स्वीकारतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.